एक जोड मोजे, आठ पाय

वाचकाचं पत्र:

"डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझं इतवारीत साड्यांचं दुकान आहे. वय ५४. सकाळी साडेदहाला शटर उघडलं की रात्री नऊपर्यंत उभाच असतो. चार-पाच वर्षांपासून पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगून दिसतात, डाव्या पायावर जास्त. संध्याकाळी पाय जड होतात, भरून येतात, रात्री पोटरीत गोळा येतो. मुलानं दिवाळीला ऑनलाइन कॉम्प्रेशनचे मोजे मागवून दिले. पाकिटावर १५-२० लिहिलं आहे, साइज एम. मला त्यानं आराम वाटला आणि तेव्हापासून घरात सगळ्यांनाच ते हवे झालेत. आई ७६ वर्षांची, बीपीची गोळी चालू आहे, तिचे दोन्ही घोटे सुजतात. बायकोला १२ वर्षांपासून शुगर, तिचे तळपाय जळजळतात, म्हणून दुपारी ती घालून बसते. मुलगी सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी पुण्याहून आली, ट्रॅव्हल्सच्या प्रवासात तिचे पाय सुजले, आता तीही मागते. एकच जोड चौघांत फिरतो. आणखी तीन मागवू का? हे मोजे नेमके कोणी घालायचे असतात? आणि आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात घालायचे कसे, तेही सांगा जी."

भाऊ, बाकीचं सगळं नंतर. आधी वहिनींच्या पायातले मोजे काढायला सांगा. आजच. त्यांचे पाय कोणी नीट तपासेपर्यंत ते पुन्हा घालायचे नाहीत.

घाबरवायला म्हणत नाही. बारा वर्षांची शुगर आणि तळपायाची जळजळ म्हटलं की माझ्या डोक्यात दोन शंका येतात. पहिली, पायाच्या नसा मंदावल्या असतील. त्यांना एक प्रश्न विचारा: चालता चालता चप्पल पायातून निसटली तर लगेच कळतं का, की चार पावलं गेल्यावर खाली बघून कळतं? दुसरं उत्तर आलं तर पायाची जाणीव कमी झाली आहे. अशा पायावर मोजा कुठे गोळा झाला, घोट्यापाशी घडी पडली, वरची पट्टी रुतली, तरी त्यांना दुखणार नाही. तुम्ही-आम्ही पाच मिनिटांत वैतागून मोजा ओढून सरळ करतो. त्या संध्याकाळपर्यंत तशाच बसतील आणि रात्री काढताना तिथे लाल पट्टा किंवा फोड दिसेल. शुगरच्या पायावरचा एवढासा फोड किती महिने छळतो ते या शहरातल्या कुठल्याही सर्जनला विचारा.

दुसरी शंका रोहिणीची, म्हणजे पायाकडे शुद्ध रक्त नेणाऱ्या नळीची. शुगर, बिडी-सिगरेट आणि वय यांनी ती आतून अरुंद होत जाते. जिथे मुळात रक्तच कमी पोचतंय तिथे बाहेरून आवळायचं म्हणजे उरलंसुरलं बंद करण्यासारखं आहे. चालताना पोटरी भरून येते, थांबलं की दोन मिनिटांत बरं वाटतं, पावलं गार पडतात, अंगठ्यावरचे केस गेलेत, अशा खुणा असतील तर मोज्याचं नाव काढायचं नाही.

तपासणी फार मोठी नसते. डॉक्टर पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे बोटं ठेवून नाडी बघतात. शंका आली तर घोट्याचं बीपी मोजून दंडाच्या बीपीशी ताडून बघतात. घोट्याचा आकडा दंडाच्या साधारण नऊ दशांश किंवा वर असेल तर रक्त ठीक पोचतंय असं समजतात. शुगरवाल्यांत मात्र एक गोम असते. नळ्या कडक झालेल्या असतात, पट्ट्यानं दबत नाहीत, म्हणून आकडा खोटाच चांगला येतो. त्यांच्यात अंगठ्याचं प्रेशर किंवा डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, बघावं लागतं. सगळं नीट निघालं आणि पायावर खरोखर सूज असली तर शुगरच्या माणसालाही हलके मोजे देतात, सरसकट बंदी नाही. पण वहिनींना सूज असल्याचं तुम्ही लिहिलेलंच नाही. त्यांना जळजळ आहे, आणि जळजळीवर हे मोजे काही करत नाहीत. दाबून धरल्यानं घटकाभर बरं वाटतं, एवढंच. जळजळीचं औषध वेगळं असतं. ते त्यांच्या शुगरच्या डॉक्टरांकडे मागा आणि जाल तेव्हा पाय दाखवायला चप्पल काढा. निम्मे लोक नुसता रिपोर्ट पुढे करतात.

आता तुमच्याकडे येते, कारण हे मोजे बनले आहेत ते तुमच्यासारख्या पायांसाठी.

तुमच्या इमारतीत वरच्या टाकीत पाणी चढवायला मोटर असते आणि पाणी परत खाली येऊ नये म्हणून पाइपात एक व्हॉल्व्ह बसवलेला असतो, प्लंबर त्याला एनआरव्ही म्हणतो. पायात हुबेहूब तीच व्यवस्था आहे. पोटरीचा स्नायू ही मोटर. पाऊल टाकलं की तो आवळतो आणि शिरेतलं अशुद्ध रक्त वर ढकलतो. शिरेच्या आत इवल्या पडद्यांच्या झडपा असतात, त्या रक्त परत खाली येऊ देत नाहीत. माणूस नुसता उभा असतो तेव्हा घोट्यापाशी शिरेत ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो, बीपी मोजतात त्याच मापात. चालायला लागला की थोड्या पावलांतच तो ३० च्या खाली येतो. तुम्ही साडेदहा ते नऊ काउंटरमागे उभे, म्हणजे मोटर दिवसभर बंद आणि पाण्याचा पूर्ण भार खालच्या व्हॉल्व्हवर. वर्षानुवर्षं असं चाललं की झडपा ढिल्या पडतात, शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात. याच त्या व्हेरिकोज व्हेन्स. घरात आई-वडिलांना असतील तर शक्यता आणखी वाढते.

एक आठवण ओघात सांगते. माझ्या लहानपणी इतवारीतल्या दुकानांत गाद्या होत्या. शेटजी आणि नोकर मांडी घालून बसायचे, साडी काढायला उठायचे, पुन्हा बसायचे. दिवसभरात शंभर उठाबशा सहज व्हायच्या. गादी जाऊन काच आणि काउंटर आला, दुकान मॉडर्न झालं आणि त्याची किंमत पोटऱ्या देतात. तुमच्याकडच्या सेल्समनचे पायही एकदा बघा.

मोजा करतो काय, तर घोट्याशी सगळ्यात घट्ट आणि गुडघ्याकडे सैल होत जातो. बाहेरून आवळल्यानं फुगलेली शीर बारीक होते, झडपेच्या पाकळ्या जवळ येतात, रक्त वर सरकतं, पाणी चामडीखाली झिरपायचं थांबतं. म्हणून संध्याकाळी पाय हलके वाटतात. मात्र मोजे घालून शिरा जात नाहीत. काढले की चार दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. चष्म्यासारखं धरा, डोळ्यांवर आहे तोवर दिसतं.

तुमच्या पाकिटावरचा १५-२० हा घोट्यावरच्या दाबाचा आकडा आहे. उभ्या कामाचा शीण, थोडी सूज, प्रवास, यांना तेवढं पुरतं. शिरा ठळक फुगल्या असतील, रोज सूज येत असेल तर बहुधा २० ते ३० चा दाब लागतो, आणि तो डॉक्टरांनी पाय बघून सांगायचा असतो. त्याहून वरचे मोजे स्वतःच्या मनानं कधी घेऊ नका. आणि तुमचा एम हा एम कोणी ठरवला? मुलानं बुटाच्या नंबरावरून अंदाज केला असणार. या मोज्यांना तीन मापं लागतात: घोट्याच्या वर जिथे पाय सगळ्यात बारीक आहे तिथला घेर, पोटरी जिथे सगळ्यात जाड आहे तिथला घेर, आणि जमिनीपासून गुडघ्याच्या खालच्या वळणापर्यंत उंची. तेही सकाळी उठल्याबरोबर, पाय सुजायच्या आधी. मापाची टेप दुकानात तुमच्या गळ्यातच असेल, तेव्हा सबब नाही. दोन पायांची मापं वेगळी आली तर तसं दुकानदाराला सांगा.

मोजे चालू ठेवा, पण एकदा सर्जनला दाखवा. मेडिकल किंवा मेयो, आपल्या या सरकारी दवाखान्यांच्या सर्जरी ओपीडीत गेलात तरी चालेल. उभं करून कलर डॉप्लर काढतात, त्यात कुठली झडप गळतेय ते दिसतं. आता लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीनं खराब शीर आतून बंद करतात, पूर्वीसारखं पाय चिरून शीर ओढून काढायची वेळ क्वचित येते. आतल्या घोट्याच्या वर चामडी काळपट-तपकिरी पडत असेल, खाजत असेल, लाकडासारखी टणक लागत असेल, तर टाळाटाळ करू नका. पुढची पायरी तिथे पडणाऱ्या जखमेची असते. ती जखम भरायलाही दाब देणारं बँडेजच लागतं आणि भरल्यावर पुन्हा होऊ नये म्हणून मोजे कायमचे. फुगलेली शीर कधी खरचटून फुटली तर रक्ताची चिळकांडी उडते. घाबरून धावपळ करू नका. खाली आडवं व्हा, पाय वर उचला, स्वच्छ रुमाल दाबून धरा. थांबतं. मग दवाखान्यात जा.

एक मात्र लक्षात ठेवा. डाव्या पायावर शिरा जास्त आहेत हे चार-पाच वर्षांचं जुनं दुखणं आहे, त्याची चिंता वेगळी. पण एखाद्या दिवशी एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखून गरम लागली, तर तो मोजा घालायचा प्रसंग नाही. आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असू शकते. त्यात दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी. अशा गुठळीनंतर सगळ्यांना दोन वर्षं मोजे घालायला लावायची पद्धत होती. २०१४ साली कॅनडातून एका मोठ्या प्रयोगाचे निकाल आले. त्यात खरे मोजे आणि दाब नसलेले दिखाऊ मोजे घालणाऱ्यांत पुढच्या त्रासाचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. तेव्हापासून सरसकट न देता ज्याला सूज-दुखणं आहे त्याला आरामापुरते देतात. सांगायचं कारण, शेजारचे कोणी "मला डॉक्टरनं दोन वर्षं घालायला लावले होते" म्हणाले की आपण पण घालायचे, असं होऊ नये.

आईचं प्रकरण बहुतेक गोळीचं आहे. गोळीच्या पट्टीवर ॲम्लोडिपिन लिहिलंय का बघा. बीपीवर ती उत्तम गोळी, पण घोटे सुजवणं हा तिचा जुना खोडसाळपणा, डोस वाढला की जास्त. त्यात बारीक रोहिण्या सैलावतात आणि पाणी बाहेर झिरपतं, म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळीनंही ही सूज फारशी उतरत नाही. गोळी स्वतःहून बंद करायची नाही. डॉक्टरांना सूज दाखवा, ते डोस कमी करतील किंवा दुसरी गोळी देतील आणि बहुतेक वेळा मोज्यांची गरजच संपते. गोळी ती नसेल, किंवा असूनही सकाळी चेहरा सुजत असेल, आडवं झाल्यावर दम लागत असेल, तर हृदय, किडनी, थायरॉइड तपासायला हवं. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा आणि उचला. खड्डा पडून हळूहळू भरत असेल तर पाणी आहे. हृदय कमजोर असलेल्या माणसाच्या पायातलं ते पाणी मोज्यानं वर ढकललं तर भार त्याच थकलेल्या पंपावर येतो. शिवाय ७६ व्या वर्षी चामडी कागदासारखी पातळ असते, मोजा ओढताना फाटते. तोवर बाजेवर पाय उशीवर ठेवून झोपू द्या.

मुलीला मात्र खुशाल द्या, तुमचे नाही, तिच्या मापाचे. पोटातल्या बाळाचा भार शिरांवर येतो, रक्तही वाढलेलं असतं, त्यामुळे पाय भरतात आणि गुठळीची शक्यता गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे जास्त असते. पुण्याहून रात्रभर सीटवर पाय लोंबकळत बसणं हे त्यात भर घालतं. गुडघ्यापर्यंतचे १५-२० चे मोजे बाईंना, म्हणजे तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना, विचारून घ्या. पण हातापायांबरोबर चेहराही एकाएकी सुजला, डोकं दुखलं, डोळ्यांसमोर चमकलं, तर आधी बीपी. आणि एकच पाय सुजला, त्यातही डावा, तर त्याच दिवशी दाखवा. गरोदर बायकांत गुठळी डाव्या पायात जास्त होते, कारण तिकडची मोठी शीर पोटात एका रोहिणीखाली दबते.

तुम्ही कोणी घालायचे म्हणून विचारलंत, तर तुमच्या घराबाहेरचेही काही पाय मोजते. व्हरायटी चौकात उभे राहणारे ट्रॅफिक पोलीस, सावजी भोजनालयात दिवसभर चुलीपुढे असलेले आचारी, वॉर्डातल्या नर्स, फळ्यापुढच्या शिक्षिका, न्हावी. ज्यांचं काम एका जागी उभं राहायचं. मग लांबचे प्रवासी. चार तासांहून लांब विमानप्रवास करणाऱ्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले तेव्हा मोजे घालणाऱ्यांत लक्षणं न दाखवणाऱ्या गुठळ्या खूपच कमी दिसल्या. तुमचा मुलगा अंबाझरीला पळायला जात असेल आणि स्वतःसाठी पण मागवत असेल तर घालू द्या. त्यानं वेग वाढतो याला ठोस आधार नाही, पळून झाल्यावर पोटऱ्या थोड्या कमी ठणकतात असं काही जण सांगतात. दवाखान्यातून ऑपरेशननंतर घरी आलेले पांढरे मोजे ही वेगळी चीज आहे. ते पलंगावर पडून असलेल्या पेशंटसाठी असतात, दुकानात उभं राहायला ते उपयोगाचे नाहीत. आणि आपल्या विदर्भात हत्तीपायाचे पेशंट अजून आहेत, त्यांच्या घरचे लोक हमखास हेच मोजे विचारतात. त्या पायाला रोज साबणानं धुणं, बोटांमधलं पुसून कोरडं करणं, बँडेज आणि मग मापानं विणलेला जाड, कडक मोजा लागतो. दिवाळीच्या ऑफरमधला एम तिथे काही कामाचा नाही.

राहिला उन्हाळा. पारा ४५ च्या पुढे गेला की अंगातली उष्णता बाहेर टाकायला शिरा आणखी फुगतात, सूज वाढते, म्हणजे मोज्यांची गरज मे महिन्यात सगळ्यात जास्त आणि घालायची इच्छा सगळ्यात कमी. माझ्या पेशंटांपैकी निम्मे अक्षय्य तृतीयेला मोजे कपाटात टाकतात आणि पहिल्या पावसात लंगडत येतात. बोटं उघडी असलेला, कॉटन मिसळलेला प्रकार घ्या. दुकानात कूलर असेलच. स्प्रेच्या बाटलीनं पोटरीवर मोजा हलका ओला करा आणि कूलरच्या झोतात उभे राहा, खसच्या टट्टीसारखा थंडावा येतो. पूर्ण दिवस झेपत नसेल तर लगीनसराईच्या गर्दीचे उभे राहायचे तास तरी घाला, दुपारी जेवायला बसताना काढून पाय वर घ्या. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या किंवा घामोळ्या उठल्या तर बरं होईपर्यंत सुट्टी.

घालायची वेळ सकाळची, पलंगावरून पाय खाली सोडायच्या आधी. अंघोळ करून घालायचे असतील तर अंघोळीनंतर दहा-पंधरा मिनिटं पाय वर करून पडा. मोजा आत हात घालून टाचेपर्यंत उलटा करा, पाऊल आत सारा, टाच टाचेच्या खिशात नेमकी बसली की मग उरलेला हळूहळू वर सरकवत न्या. वरच्या काठाला धरून ओढलंत तर फाटेल आणि नखं लागून धागे निघतील. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की पकड छान येते. जास्तीचा भाग वर राहिला म्हणून दुमडू नका. दुमडल्या जागी दाब दुप्पट होतो आणि रक्त चढायचं तिथेच अडतं. रात्री काढा, मग खोबरेल किंवा क्रीम लावा. सकाळी तेल लावून मोजा चढवू नका, रबर खराब होतं.

धुवा रोज, साध्या पाण्यात, पिळून नाही तर टॉवेलात गुंडाळून दाबा. आणि सावलीत वाळवा. गच्चीवरच्या उन्हात आठवडाभर वाळलेला मोजा दिसायला मोजाच राहतो, दाब गेलेला असतो. रोज वापरला तर सहा महिन्यांत बदलायचा. तुमचा दिवाळीचा जोड चार माणसांच्या पायांतून फिरून आलाय, तो ढिला झालेला असणार. दोन नवे जोड घ्या, दोन्ही तुमच्या मापाचे, म्हणजे एक धुण्यात असताना एक पायात. तिसरा मुलीचा. आईचा आणि वहिनींचा सध्या नाही.

आणि दुकानात काउंटरमागे एक उंच स्टूल ठेवा. गिऱ्हाईक पदर उलगडून उजेडाकडे धरतं, नणंदेला विचारतं, पुन्हा घडी घालतं, तेवढ्या वेळात उभ्या उभ्या वीसदा टाचा उचला. काउंटरमागे कोणाला दिसत नाही.